दाराजवळचे गाठोडे

चिंचोळीच्या एमआयडीसीजवळचे एक घर डोळ्यांसमोर आणा. घरात म्हातारी सासू, मुलगा, सून आणि दोन पोरे. दारात एक म्हैस. मुलगा कारखान्यात कामाला जातो. कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी.

एके दिवशी जेवताना सून म्हणाली, "आत्याबाई, रातच्याला कुणी येऊन सांगितलं, आत्ताच्या आत्ता घर सोडा, तर आपण काय करायचं?"

सासू हसली. "अगं पोरी, आपला मुलूख दुष्काळाचा. इथं कुठला पूर?"

आपण सारे असेच म्हणत होतो. पण सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला महापूर आला. वरच्या भागात फार पाऊस झाला. धरणांतून पाणी सोडावे लागले. नदीकाठच्या अनेक गावांना पाण्याचा वेढा पडला. माणसांना बोटीतून बाहेर काढावे लागले. लांबोटीजवळ पुण्याचा हमरस्ताही बंद झाला. उभी पिके गेली, जनावरे गेली.

मुलगा म्हणाला, "आई, पाण्याचं एक भय झालं. दुसरं भय वाऱ्याचं. आपल्या शेजारी रसायनांचे कारखाने आहेत. भोपाळला काय झालं ते ठाऊक आहे ना?"

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळ शहरात युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. हजारो माणसे मेली. वायू कोणता, पळावे कुठे, हे शेजारच्या वस्तीला कुणी आधी सांगितले नव्हते. पुष्कळ जण वायूबरोबरच, वाऱ्याच्या दिशेने पळाले. पुढे १९८७ साली कारखान्यांच्या कायद्यात सुधारणा झाली. आपल्या धोक्यांची माहिती शेजारच्या लोकांना द्यावी, असे बंधन कारखान्यांवर आले. तेव्हा ग्रामसभेत ही माहिती जरूर विचारा. कामाचा भोंगा कोणता आणि धोक्याचा कोणता, तेही विचारून ठेवा.

वारा कसा ओळखावा?

उफणणीच्या वेळी आपण काय करतो? मूठभर भुसा सोडून पाहतो. तेच इथे करावे. चिमूटभर माती सोडा. धूर पाहा. देवळावरचा झेंडा पाहा. वारा जिकडे जातो, तिकडे पळू नका. वास जिकडून येतो, तिकडेही जाऊ नका. वाऱ्याला आडवे चाला. नाकातोंडावर ओले फडके धरा. ओढ्यात, खड्ड्यात उतरू नका. जड वायू सखल जागी साचतो. काडी ओढू नका.

"घरातच थांबा" असा हुकूम आला, तर थांबा. दारे-खिडक्या लावा. फटींत ओली फडकी कोंबा. पंखा, कूलर बंद करा.

त्या रात्री घराने काय ठरवले?

सासू म्हणाली, "माझे गुडघे चालत नाहीत. तुम्ही पोरं घेऊन जा. मला राहू द्या."

मुलगा म्हणाला, "आई, असं बोलू नको. शेजाऱ्यांची मोटारसायकल आहे. मी त्यांना आजच सांगून येतो. मी पाळीवर असलो, तर ते तुला नेतील."

तो उठला आणि लगेच सांगून आला. शेजारी म्हणाले, "यात काय सांगायचं? पण सांगितलंत, बरं झालं."

"आणि म्हशीचं?" सासूने विचारले.

"पुराची बातमी आली की म्हैस आधीच उंचावर न्यायची. वेळच मिळाला नाही, तर दावं सोडायचं. बांधलेलं जनावर बुडतं. सुटलेलं पोहतं."

मग भेटायच्या जागा ठरल्या. पुराला उंचावरची शाळा. वायूला दोन जागा, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. वारा पाहून निवडायची. एकदा बाहेर पडले की वस्तूसाठी कुणी माघारी फिरायचे नाही, हेही ठरले.

सुनेने गाठोडे बांधले. रेशन कार्ड, आधार कार्ड, पासबुक आणि सातबारा प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले. सासूची औषधे, बॅटरी, थोडे सुटे पैसे, कपड्यांचा एकेक जोड आणि पाण्याची बाटली ठेवली. कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि गूळ बांधला. गाठोडे दाराजवळच्या खुंटीला टांगले. दर महिन्याला भाकरी, पाणी आणि औषधे बदलायची, असे ठरले.

शेवटी तिने पाटी-पेन्सिल बाजूला ठेवून कागद घेतला. प्रौढ वर्गात ती लिहायला शिकली होती. तिने दोन चिठ्ठ्या लिहिल्या. पोराचे नाव, गाव, बापाचा फोन नंबर. एकेक चिठ्ठी पोरांच्या दप्तरात ठेवली. मग मोठ्या अक्षरांत एक कागद लिहून दारामागे चिकटवला.

सासूने बोट ठेवून एकेक अक्षर लावत तो मोठ्याने वाचला. "लाईटचं मेन बटण बंद. गॅसची टाकी बंद. गाठोडं घ्या. आत्याबाईंना शेजारी नेतील. म्हशीचं दावं सोडा."

वाचून ती म्हणाली, "आता मला भ्या नाही."

लक्षात ठेवा

कोणतीही आपत्ती : ११२
रुग्णवाहिका : १०८
आगीचा बंब : १०१
जिल्ह्याचा आपत्ती कक्ष : १०७७

तुमच्या घरचा कागद लिहा

१. पुराच्या वेळी आम्ही ............ येथे भेटू.
२. वायू सुटला तर ............ किंवा ............ येथे भेटू.
३. म्हाताऱ्या माणसांना ............ नेतील.
४. गाठोडे ............ टांगले आहे.

कागद आज लिहा. घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. ज्याला वाचता येत नाही, त्याच्याकडून पाठ करून घ्या.