इंजिन ठोकतंय? आधी ऐका, मग खोला!

मेकॅनिकलच्या पुस्तकात बेअरिंगवर अख्खं प्रकरण असतं, पण ट्रकचं इंजिन 'ठोकायला' लागलं की सुरुवात कुठून करायची हे त्यात सापडत नाही. मी पडले कॉन्व्हेंटची, त्यामुळे 'नोजल', 'चेंबर', 'इंजिन बांधणं' हे गॅरेजचे शब्द मला उशिराच कळले. इथे ते तसेच वापरते.

मांजरीकरांना सोलापूर रोडवरचे ट्रक नवीन नाहीत. समजा, उसाने भरलेला एक जुना ट्रक ठोकत ठोकत थांबला. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटतं आणि साखरही कमी होते. म्हणजे मालक, ड्रायव्हर आणि शेतकरी, तिघांचंही नुकसान. 'तसाच दामटू' म्हटलं, तर बेअरिंग जाम होऊन कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो. मग दुरुस्तीचा विषयच संपला.

उदाहरणाला टाटाचं ६९७ इंजिन घेऊ. ६ सिलिंडर, ९७ मिमी बोअर, हे नावातच आलं. स्ट्रोक १२८ मिमी, म्हणजे साधारण ५.७ लिटर.

आवाज ओळखा

गार इंजिनात जास्त आणि तापल्यावर कमी होणारा आवाज बहुधा पिस्टनचा असतो. टॅपेटची टिकटिक क्रँकच्या निम्म्या वेगाने येते, कारण कॅमशाफ्ट निम्म्या वेगाने फिरतो. कनेक्टिंग बेअरिंगचा 'टक-टक' आवाज रेस करून अॅक्सिलरेटर सोडताना स्पष्ट येतो. मेन बेअरिंगचा आवाज जड, 'धप-धप' असा, लोडवर वाढणारा.

आता नक्की कुठला सिलिंडर? आयडलिंगवर एकेका नोजलच्या पाइपचा नट ढिला करायचा. ज्या सिलिंडरला आवाज दबतो, तिथे दोष. पण खराब नोजलही ठोकल्यासारखा आवाज करतो! म्हणून शेजारच्या सिलिंडरशी नोजल बदलून पाहायचं. आवाज नोजलबरोबर गेला तर इंजिन खोलायची गरज नाही. आवाज तिथेच राहिला तर संशय बेअरिंगवर. सावधान: ही युक्ती फक्त जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनासाठी. कॉमन रेलमध्ये प्रेशर हजार बारच्या वर असतं, तिथे नटाला हातही लावू नका.

मग गरम इंजिनाचं ऑइल प्रेशर वेगळा गेज लावून बघा आणि फिल्टर कापून बघा. तांब्याच्या रंगाचे चमकणारे कण दिसले आणि चुंबकाला चिकटले नाहीत, तर बेअरिंगचा वरचा थर गेला असं समजा.

झिजलं का?

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ब्यूचॅम्प टॉवर रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. बेअरिंगच्या वरच्या भोकात त्यांनी बूच बसवलं, तर आतल्या तेलाने ते बाहेर ढकललं! फिरणारा शाफ्ट स्वतःच तेलाचं प्रेशर तयार करतो, हे त्यातून दिसलं. १८८६ मध्ये ऑसबोर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचं गणित मांडलं. थोडक्यात, शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगतो.

६० मिमी जर्नलला साधारण ०.०६ मिमी क्लिअरन्स लागतो. तेलाची गळती क्लिअरन्सच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे क्लिअरन्स दुप्पट झाला की गळती आठपट! पंपाला तेवढं तेल पुरवणं जमत नाही, प्रेशर पडतं आणि झीज आणखी वाढते.

म्हणून काढलेले शेल फेकू नका, वाचा. ओरखडे असतील तर तेलात घाण होती. काळे-निळे पडले असतील तर तेल पोचलंच नाही. एकाच कडेला झीज असेल तर रॉड वाकलाय. तेल पातळ होऊन डिझेलचा वास येत असेल तर गळकं नोजल शोधा, दुधासारखं झालं असेल तर पाणी कुठून शिरतंय ते बघा.

दुरुस्ती

चेंबर उतरवल्यावर कॅपवर नंबर टाका, अदलाबदल नको. क्रँक मायक्रोमीटरने दोन दिशांनी मोजा. जर्नल अंडाकृती झालं असेल तर ग्राइंडिंग करून ०.२५ किंवा ०.५० मिमी अंडरसाइज बेअरिंग बसवा. ग्राइंडिंगनंतर क्रँकमधली तेलाची भोकं ब्रशने साफ करायलाच हवीत, नाहीतर उरलेली कीस नवं बेअरिंग खाते.

कॅप घासणं किंवा शेलमागे पत्रा घालणं हे रस्त्यावरचे जुगाड. आवाज थोडे दिवस दबतो, पण शेलची गोलाई बिघडते आणि तेलाचा थर टिकत नाही. बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा, आकडा मॅन्युअलमधला. शेवटी डिझेल बंद ठेवून स्टार्टर थोडा थोडा फिरवा. गेजवर प्रेशर दिसल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.

नवं बेअरिंग बसवून बिल फाडणं सोपं आहे. पण जुनं का गेलं हे शोधलं नाही, तर तोच ट्रक पुन्हा ऊस घेऊन रस्त्यात उभा राहील. उद्या आपल्या हातात पाना आला, तर आधी कान आणि गेज वापरूया, एवढंच!