हलकी खोली, भक्कम दांडी

बेलापुरातून निघून प्रवरा जिकडून येते तिकडं जात राहिलं, की कोल्हार, लोणी, संगमनेर, अकोले, राजूर असं करत भंडारदरा येतं. धरणाच्या जलाशयाकाठी आपल्याच छोट्या खोलीत रात्र काढावी, या हौसेपोटी मी मोटारीमागं ओढायचा थर्मोकोल-प्लायवुडचा ट्रेलर घरी बांधला. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण तयार कॅराव्हॅन सामान्य घराच्या ऐपतीबाहेरचीच. ज्याला सुतारकामाची आवड आहे, त्याच्यासाठी हे अनुभवाचे बोल.

१. वजनाचा हिशेब आधी कागदावर मांडा. १९ मिलिमीटर जाडीचा प्लाय चौरस मीटरला साधारण ११ किलो भरतो. त्याऐवजी ५० मिलिमीटर थर्मोकोलच्या दोन्ही अंगांना ४ मिलिमीटरचा प्लाय चिकटवला, तर गोंदासकट साडेसहा किलोंच्या आसपास काम भागतं आणि भिंत कितीतरी जास्त ताठ होते. भिंत वाकू लागली की एक अंग ताणलं जातं, दुसरं दाबलं जातं. मधल्या गाभ्यानं दोघांना फक्त अंतरावर धरून ठेवायचं असतं. १९४० साली पहिल्यांदा उडालेलं ब्रिटिश मॉस्किटो विमान याच तत्त्वावर बर्चच्या प्लायमध्ये हलकं बाल्सा लाकूड भरून बांधलं होतं. थर्मोकोल मात्र घट्ट दाण्याचा घ्या. मखराचा भुसभुशीत इथं चालत नाही.

२. ताकद गोंदात असते. फर्निचरवाले वापरतात तो उग्र वासाचा रबरी गोंद किंवा पॉलिएस्टर रेझिन थर्मोकोलला अक्षरशः विरघळवतं. इपॉक्सी किंवा पाण्याला टिकणारा पांढरा गोंद वापरा, आणि तोही आधी तुकड्यावर लावून बघा. चिकटवल्यावर सगळ्या पृष्ठभागावर सारखा दाब हवा. वाळूच्या गोण्या त्यासाठी उत्तम.

३. थर्मोकोल स्क्रू धरत नाही. बिजागरी, खिडकी, दिवा जिथं येणार, तिथं चिकटवण्याआधीच आत लाकडी पट्टी बसवा.

४. सगळ्यात महत्त्वाचं दांडीचं. आपल्या भागात ऊस भरणाऱ्या गाडीवानाला हे कुणी शिकवावं लागत नाही. मागं ओझं जास्त झालं की गाडी उलाळ होते आणि जू वर उचलतं. पुढं जास्त झालं की सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. मोटारीमागच्या ट्रेलरला हाच नियम, फक्त वेग जास्त म्हणून धोकाही जास्त. मागं जड झालेला ट्रेलर वेगात डावीउजवीकडं झुलू लागतो आणि मोटारीलाही ओढून नेतो. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार दांडीवर यायला हवा. सामानासकट ४०० किलो असेल तर ४० ते ६० किलो. माणसांचं वजन करायचा काटा दांडीखाली ठेवला की हे घरीच कळतं. त्यासाठी कणा खोलीच्या मध्यापासून थोडा मागं घ्या, पाण्याची टाकी कण्यावर ठेवा, मागच्या कप्प्यात गाद्या-पांघरुणंच भरा. भिंतींत वाचवलेले किलो इथं खर्च करायला कचरू नका. कणा, दांडी, जोडणीचा हूक, सुरक्षेची साखळी हे सगळं जाड लोखंडाचं आणि अनुभवी वेल्डरच्या हातचंच हवं.

५. प्लायच्या कडा पाणी पितात. प्रत्येक कड गोंदानं बंद करा. बाहेरून जाड सुती कापड गोंदात भिजवून ताणून बसवा आणि वर बाहेरच्या भिंतींचा रंग द्या. रंग पांढराच हवा, कारण मे महिन्याच्या उन्हात गडद रंगाचं छप्पर इतकं तापतं की आतला थर्मोकोल मऊ पडायची भीती असते. उघडी फट दिसली की मुंग्या थर्मोकोल पोखरून आत घर करतात, तेव्हा भोकं बुजवताना आळस नको.

६. आत चूल, शेगडी, उदबत्ती, काहीही पेटवू नका. थर्मोकोल भराभर पेटतो आणि त्याचा काळा धूर विषारी असतो. स्वयंपाक बाहेर. झोपताना एक झरोका खाली आणि एक वर उघडा हवा. नाहीतर दोन माणसांच्या श्वासानंच सकाळी भिंती ओल्या होतात.

७. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला की आपल्या रस्त्यांवर उसाचे ट्रेलर रात्रभर धावतात. मागं दिवा नसलेला ट्रेलर अंधारात दिसतच नाही, आणि मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवावर बेततं. आपला ट्रेलर कितीही छोटा असो, लाल दिवे, ब्रेकचे दिवे, इंडिकेटर आणि चमकणाऱ्या पट्ट्या लावल्याशिवाय तो फाटकाबाहेर काढू नका.

८. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरसुद्धा मोटार वाहनातच मोडतो; त्याला नोंदणी लागते. नोंदणी असलेल्या ट्रेलरचा सांगाडा घेतला, तरी त्यावर वेगळी बांधणी करायला परवानगी लागते. म्हणून प्लायला करवत लावण्याआधी मापांसकट आराखडा घेऊन श्रीरामपूरच्या परिवहन कार्यालयात जा, काय चालेल ते विचारून घ्या आणि मगच सामान आणायला निघा.