रात्रीचा ड्रोन आणि त्याचा लुकलुकणारा दिवा

पांढुर्ण्याच्या गोटमारीत बंदोबस्तासाठी ड्रोन फिरतो, हे आपल्याला नवीन नाही. सौंसरकडच्या लग्नांतही वरातीवर ड्रोन घिरट्या घालतो, आणि वरात निघते ती बहुधा रात्रीच! म्हणून या वेळच्या अभ्यासलेखाचा विषय: रात्री उडणाऱ्या ड्रोनचा टक्कररोधक दिवा.

आधी एक गोंधळ दूर करू. ड्रोनला लाल-हिरवे छोटे दिवे असतातच, मग वेगळा दिवा कशाला? ते छोटे दिवे उडवणाऱ्यासाठी असतात. ड्रोनचं तोंड कुठे आहे ते त्याला कळावं म्हणून. टक्कररोधक दिवा मात्र दुसऱ्यासाठी असतो, म्हणजे वरून येणाऱ्या हेलिकॉप्टरच्या वैमानिकासाठी. अमेरिकेत 2021 पासून नियम आहे की रात्रीच्या ड्रोनचा असा दिवा किमान 3 मैलांवरून, म्हणजे सुमारे 4.8 किलोमीटरवरून दिसला पाहिजे.

इतकं अंतर का? गणित करू. हेलिकॉप्टर ताशी 200 किलोमीटर वेगाने येतंय असं धरा. 4.8 किलोमीटर कापायला त्याला साधारण 86 सेकंद लागतील. दिवा 1 किलोमीटरवरूनच दिसला, तर हाती उरतात 18 सेकंद. तेवढ्यात दिवा ओळखायचा, ठरवायचं आणि वळायचं! शिवाय अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौपट कमी होतो. म्हणून साधा एलईडी चिकटवून भागत नाही.

दिवा लुकलुकताच का हवा? स्थिर दिवा चांदणीत किंवा गावाच्या दिव्यांत मिसळून जातो. अंधारात एकाच ठिपक्याकडे टक लावली, तर स्थिर ठिपकासुद्धा हलल्यासारखा वाटतो. उघडझाप मात्र डोळ्याच्या कडेलाही चटकन जाणवते. आणखी एक फायदा: दिवा क्षणभरच पेटत असल्याने थोड्या बॅटरीत जास्त तेज मिळतं.

दिवा बसवताना तो ड्रोनच्या वरच्या बाजूला, कुठूनही झाकला जाणार नाही असा लावावा. कॅमेऱ्याजवळ लावला तर चित्रीकरणात झगमग उतरते. उडवणाऱ्याने त्याच्याकडे टक लावू नये. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात, आणि ते सगळं एका झगमगाटात वाया जातं.

आता आपल्याकडचं. 2018 च्या नियमांत ड्रोन साधारणपणे दिवसाच आणि नजरेच्या टप्प्यात उडवण्याची अट होती. त्यानंतर ड्रोन नियम 2021 आले. उडवण्यापूर्वी डिजिटल स्कायचा नकाशा पाहणं बंधनकारक आहे. हिरव्या क्षेत्रात साधारणपणे 400 फुटांपर्यंतच मोकळीक आहे.

पण आकाशातल्या दिव्याकडे खालची माणसंही बघत असतात. 2024 च्या पावसाळ्यात पुणे, बीड भागातल्या गावांत रात्रीच्या ड्रोनमुळे चोरांची भीती पसरली आणि लोक रात्र-रात्र पहारा देऊ लागले. दिवा ‘इथे काहीतरी उडतंय’ एवढंच सांगतो. कोण उडवतंय आणि कशासाठी, हे सांगत नाही. ते काम आपलं. संत्र्याच्या बागेवरून रात्री ड्रोन न्यायचा असेल, तर बागवाल्याला, कोतवालाला आणि पोलीस ठाण्याला आधी कळवा.

सरावासाठी प्रश्न: रात्री समोरच्या विमानाचा लाल दिवा तुमच्या उजवीकडे आणि हिरवा डावीकडे दिसतोय. विमानाच्या डाव्या पंखावर लाल आणि उजव्या पंखावर हिरवा दिवा असतो. तर विमान तुमच्याकडे येतंय की दूर जातंय? कागदावर चित्र काढून बघा.