कोटीची गाडी, उसना दिवा

जॅग्वार एक्सजे२२० चा फोटो शोधून बघा. १९९२ ते १९९४ या काळात जेमतेम पावणेतीनशे गाड्या बनल्या, किंमत चार लाख पौंडांच्या वर. आता मागचे दिवे बघा. ते चक्क रोव्हर २०० या साध्या घरगुती गाडीचे आहेत! ॲस्टन मार्टिन डीबी७ चे मागचे दिवे माझदा ३२३एफ चे, आणि १९९९ च्या लॅम्बोर्गिनी डायब्लोचे हेडलाइट निसान ३००झेडएक्सचे.

आमच्या कळंबच्या नाक्यावर टेम्पोला दुसऱ्याच गाडीचा आरसा बसवला की आपण त्याला जुगाड म्हणतो. मग हे काय वेगळं?

गणित करून बघू. समजा दिव्याचा साचा आणि चाचण्या मिळून १ कोटी रुपये लागले (आकडा मी सोयीसाठी घेतलाय). लाख गाड्या विकणाऱ्याला गाडीमागे १०० रुपये पडतात. २७५ गाड्या विकणाऱ्याला ३६ हजारांच्या वर! शिवाय दिवा नियमात पास व्हावा लागतो. कोणत्या कोनातून किती उजेड, पाणी-धूळ आत जाते का, हादरे सोसतो का... आपल्याकडे अशा चाचण्या पुण्याच्या एआरएआयमध्ये होतात. रोव्हरचा दिवा या सगळ्यातून आधीच गेलेला होता.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे २०१२ च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत दिसलेली, दिलीप छाब्रियांची डीसी अवंती. तिचं २ लिटर टर्बो इंजिन रेनॉचं, ताकद साधारण २५० अश्वशक्ती. माझ्या वर्गातली मुलं यावर हसतात. मला त्यातली युक्ती आवडते. पुढची चाकं फिरवणाऱ्या गाडीत इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल एकाच गठ्ठ्यात आडवे असतात. तो गठ्ठा उचलून सीटमागे ठेवला की मिड-इंजिन गाडी तयार! टोयोटाने १९८४ मध्ये एमआर२ अशीच बनवली होती. अर्थात फुकट काहीच नाही. गिअर लिव्हरची केबल लांबते, इंजिन थंड ठेवायला हवा मागे आणावी लागते.

अवंतीचा ग्राउंड क्लिअरन्स १७० मिमी. सुपरकारला हे जास्तच, कारण गुरुत्वमध्य वर गेला की वळणावर बाहेरच्या चाकांवर जादा भार येतो. पण हसणाऱ्यांनी कर्जत-मुरबाड रस्त्यावरचे स्पीडब्रेकर एकदा बघावेत!

सगळ्याच तडजोडींची मी वकिली करणार नाही. लॅम्बोर्गिनी काउंटाशचं दार असं तिरकं, की अख्खी काच आत मावत नाही. खालची छोटीशी पट्टीच उघडते. फास्टॅगच्या आधी खालापूरच्या टोलनाक्यावर मालकाची काय गंमत झाली असती! रिव्हर्स घ्यायचा तर मागचं दिसत नाही, म्हणून दार वर करून उंबऱ्यावर बसायचं. उसना दिवा मालकाला कळतही नाही, इथे मात्र दिसण्यापायी रोज त्रास. माझ्या मते हे वाईट डिझाइन, पोस्टर कितीही खपोत.

असो. हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमच्या स्पर्धेच्या गाडीवरून टीममध्ये चाललेला वाद. पुढच्या चाकाचं स्टिअरिंग नकल मारुती ८०० चं घ्यायचं, की ॲल्युमिनियममध्ये स्वतः मशीन करायचं? मारुतीचं जड आहे, किंगपिनचा कोन आपल्या हातात राहत नाही, सस्पेन्शन त्याच्याभोवती बसवावं लागेल. पण ते लाखो गाड्यांखाली खड्डे सोसून आलंय, आणि बेअरिंग कर्जतच्या दुकानातही मिळतं. वाचलेल्या पैशांत ब्रेक चांगले घेता येतील. शनिवारी मतदान आहे. माझं मत मारुतीला.