पूल वाढवण्याआधी थांब

अगं, दिवाळीच्या तोंडावर बिलिंग अडकलं की हिंजवडीतल्या कुठल्याही मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणणारच, "कनेक्शन पूल वाढवा." लगेच मान डोलावू नकोस. टीममध्ये नवी असलीस तरी एवढं विचार, "आहेत ती कनेक्शन्स करतायत काय?"

आपला डेटाबेस, पोस्टग्रेस, दर कनेक्शनला वेगळी प्रोसेस उभी करतो, म्हणून तर आपण पूलमधून घेतो आणि परत देतो. मूळ सेटिंगमध्ये 100 कनेक्शन्स मिळतात, त्यातली 3 सुपरयूजरसाठी राखीव. पूल सांभाळणाऱ्या हिकारीसीपी लायब्ररीची मर्यादा, हात लावला नाही तर, 10 ची. गर्दीत ऑटोस्केलिंगने अ‍ॅपच्या 12 प्रती उभ्या केल्या की झाली 120. मग पोस्टग्रेस अगदी अदबीने लॉगमध्ये लिहितं, 'सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी'. हा गुणाकार कोणी करत नाही. तू करत जा.

आता खरी गोम सांगते. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी सगळ्या दुकानांची मिळून सेकंदाला 200 बिलं येतायत असं धर. दर बिलाने कनेक्शन 20 मिलिसेकंद धरलं, तर एका वेळी सरासरी 4 पुरतात. तेच 2 सेकंद धरलं तर 400 लागतात! हे 2 सेकंद बहुतेक वेळा यूपीआयच्या उत्तराची वाट बघण्यात जातात, आणि ट्रान्झॅक्शन तशीच उघडी. लक्ष्मी रोडवर साड्यांचा ढीग उलगडायला लावून "सासूबाईंना फोन करून विचारते" म्हणणारं गिऱ्हाईक असतं ना, अगदी तसं. सेल्समन रिकामा बसलाय, पण दुसऱ्या कोणाला मिळत नाही. पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी उघडून बघ, 'आयडल इन ट्रान्झॅक्शन'च्या ओळी दिसल्या की समज.

उपाय साधा आहे. बिल 'पेंडिंग' म्हणून लिही, कमिट कर, कनेक्शन परत दे. मग यूपीआयच्या पेमेंट गेटवेला विचार. उत्तर आलं की दुसऱ्या छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये शिक्का मार. बिलाचा नंबर गेटवेलाही पाठव; त्याच नंबरची दुसरी मागणी गेटवे नाकारत असेल, तर रिट्राय झाला तरी गिऱ्हाइकाचे पैसे दोनदा कापले जाणार नाहीत. लटकलेली पेंडिंग बिलं तपासायला एक जॉबही लाव.

कुलुपांचंही बघ. सगळी काउंटर्स मोती साबणाच्या साठ्याची एकच ओळ अपडेट करत असतील, तर मोठ्या पूलने त्या ओळीमागची रांगच वाढते.

शिवाय मूळ सेटिंगमध्ये हिकारी पूलमधल्या कनेक्शनसाठी 30 सेकंद थांबतं. तेवढा वेळ कॅशियर गिऱ्हाइकाच्या शिव्या खात बसेल. ते 2-3 सेकंदांवर आण आणि स्क्रीनवर धड मेसेज दाखव. प्रती खूपच वाढणार असतील तर पोस्टग्रेसच्या आधी मध्ये पीजीबाउन्सर हा पूलर घाल. ट्रान्झॅक्शन मोडमध्ये मात्र सेशनवर विसंबलेला कोड मोडतो, तो आधी शोध.

आणि हे सगळं दसऱ्याच्या आधी उरक. नंतर सणासाठी कोड फ्रीझ लागला की प्रॉडक्शनला कोणी बोट लावू देणार नाही. लोड टेस्टमध्ये नकली गेटवेचं उत्तर मुद्दाम 2 सेकंद उशिरा येऊ दे. ते झटपट आलं तर डॅशबोर्ड हिरवागार दिसेल, आणि मीटिंगमध्ये तुझं म्हणणं कोणालाच पटणार नाही.