उसवण्याची मजुरी

भरलेलं नाव उसवायला म्हणून माझ्याकडे जो कपडा येतो, त्यावर बहुतेक वेळा घरी कुणीतरी आधीच अर्धं ब्लेड चालवलेलं असतं. तेही पुढच्या बाजूने. मग उसवणं राहतं बाजूला आणि मी रफू करत बसते.

एका कबड्डी संघाचे ट्रॅकसूट असेच आले. कोरे करकरीत, गडद निळे, पाठीवर पिवळ्या धाग्यात मंडळाचं नाव आणि त्यात ‘क्रीडा’ऐवजी ‘क्रिडा’. स्पर्धा तोंडावर आलेली. भरून देणाऱ्याने ‘तुम्ही पाठवलं तेच भरलं’ म्हणत हात झटकले होते. संघाचे दादा म्हणाले, “ताई, फक्त वेलांटी बदलून द्या ना.” पण ऱ्हस्व वेलांटीची काठी अक्षराच्या डावीकडे, दीर्घ वेलांटीची उजवीकडे. डावीकडची काढली की तिथे खिंडार पडतं, आणि उजवीकडे ‘डा’ असा खेटून बसलेला असतो की नव्या काठीला शिरायला जागा नाही. शब्द अख्खाच उसवावा लागतो.

तो उलट्या बाजूने उसवायचा. कपडा उलटा केला की अक्षरांच्या मागे बॉबिनचा बारीक पांढरा धागा दिसतो. ताण नीट असेल तर तो टाक्याच्या मधोमध पट्ट्यासारखा धावतो. सीम रिपरचं टोक त्या पट्ट्याखाली सरकवून थोडे थोडे टाके कापत जायचं, टोक कापडाकडे न वळवता. भरताना कापडामागे आधाराला लावलेला कागद आधी ओरबाडू नका. रिपर घसरला तर पहिला वार तोच झेलतो. मग कपडा सुलटा करून रंगीत धागा चिमट्याने उचलायचा. उरलेला भुगा चिकटपट्टीने निघतो. धागा अडला तर ओढू नका, मागे एखादा टाका कापायचा राहिलेला असतो. ट्रॅकसूटचं कापड विणीचं असतं, त्यातला एक फास तुटला की खालपर्यंत शिडी पडते.

देवनागरीत खरा घात करते ती शिरोरेषा. रोमन अक्षरं सुटी असतात, त्यांची भोकं विखुरतात. आपल्याकडे सगळं नाव एका आडव्या रेघेला टांगलेलं. सॅटिन टाक्यात एका कडेच्या दोन भोकांतलं अंतर साधारण ०.४ मिलिमीटर असतं, म्हणजे सेंटीमीटरमागे पंचवीसेक भोकं, आणि रेघेला कडा दोन. डाकतिकिटाच्या कडेसारखं कापड तिथूनच फाटू पाहतं. म्हणून शिरोरेषा मी शेवटी उसवते. ती उसवताना कापड दोन्ही हातांनी ताणून धरायचं नाही, मांडीवर सैल ठेवायचं.

सुती कापड दयाळू असतं. वाफ द्या, नखाने तिरकं दोन्ही बाजूंनी घासा, एकदा धुवा. भोकं बरीचशी मिटतात. पॉलिस्टर तसं वागत नाही. त्यावर इस्त्री दाबून भोकं बुजवायला गेलात तर वर चकाकीचा डाग मिळतो. इस्त्री फिरवायचीच असेल तर उलट्या बाजूने, ओल्या फडक्यावरून. जुन्या वापरलेल्या कपड्याचा त्रास वेगळाच. मोठ्याचा शाळेचा ब्लेझर धाकट्यासाठी आणतात, नाव काढलं की आजूबाजूचं कापड विटलेलं आणि नावाखालचं मूळ रंगाचं. नाव धाग्यात होतं, आता सावलीत वाचता येतं. त्यावर उपाय नाही, झाकायचंच.

संघालाही मी झाकायलाच सांगितलं. त्याच जागी पुन्हा मशीन चालवली तर भोकांत भोकं पडून चाळणी होते. अगदी तिथेच भरायचं असेल तर मागे नवा कागद लावून, अक्षरं आधीपेक्षा ठसठशीत करून घ्या. त्यापेक्षा वेगळ्या जाड कापडावर नाव भरून, जुन्या मजकुराच्या चारी बाजूंनी सेंटीमीटरभर बाहेर येईल असा पॅच शिवणं बरं. इस्त्रीने चिकटणाऱ्या पॅचवर माझा विश्वास नाही. कडा सुटतात, आणि काढायला गेलं की गोंद राहतो. जॅकेटला अस्तर असेल तर खालची शिवण उघडून आत हात घाला, नाहीतर पॅचबरोबर अस्तरही शिवलं जातं.

मजुरी ऐकून दादांचा चेहरा पडला. उसवायला मी भरण्यापेक्षा जास्त घेते, कारण वेळही जास्त जातो. ज्यांना हा खर्च नको, त्यांनी मजकूर नुसता टाइप करून पाठवू नये. दुसऱ्याच्या संगणकावर फाँट बदलला की जोडाक्षरं सुटतात, पाय मोडलेलं अक्षर उघडं पडतं, वेलांटी भलतीकडे जाऊन बसते. चित्र किंवा पीडीएफ पाठवा. पंचिंग, म्हणजे मशीनसाठी टाक्यांची फाइल, झाल्यावर त्याच कापडाच्या तुकड्यावर नमुना भरून मागा आणि तो मंडळाबाहेरच्या माणसाला वाचायला द्या. मंडळातल्यांना स्वतःचं नाव पाठ असतं, ते वाचत नाहीत. दादांनी पॅचचा मजकूर कागदावर लिहून आणला, तेव्हा ‘क्रीडा’ बरोबर होतं. खाली गावाच्या नावापुढे ‘तालूका’ लिहिलं होतं. तो ‘लू’ मी मशीनवाल्याकडे जाण्याआधी पेनने ऱ्हस्व करून घेतला.