ऑनर्सचं वर्ष : तुलना कुणाशी करायची?

'चौथ्या वर्षाला विषय काय घेऊ?' हे कँटीनमध्ये मला इतक्या जणांनी विचारलं, की मंडळाच्या अंकात एकदा लिहूनच टाकावं म्हटलं. यूजीसीच्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला १२० क्रेडिट्स, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील तर 'ऑनर्स विथ रिसर्च' घेता येतं, आणि त्यात १२ क्रेडिट्स एकट्या प्रबंधाचे. बाकीचे पेपर अभ्यासाने निघतात हो. प्रबंधाला प्रश्न लागतो.

माझा प्रश्न जोयड्याचा. उत्तर कन्नड जिल्ह्यातला, गोव्याला लागून असलेला हा तालुका. पूर्वी त्याचं नाव सुपा. काळी नदीवर धरण झालं, सुपा गाव पाण्याखाली गेलं, तालुक्याच्या कचेऱ्या जोयड्याला आल्या. आजूबाजूच्या जंगलात आता काळी व्याघ्र प्रकल्प. आमचं घर कुणब्यांचं. पावसाळी भात, परसात कोनफळं नि कणगी. जमीन कुणाची म्हणाल, तर कागदावर वनखात्याची.

अशा जमिनीसाठीच २००६ चा वनहक्क कायदा आहे. त्यात १३ डिसेंबर २००५ ही तारीख महत्त्वाची. अनुसूचित जमातीच्या माणसाने त्या तारखेआधीपासून आपण इथे राहतो, कसतो, एवढं दाखवायचं. इतरांनी मात्र तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, वनात राहून वनावर जगल्याचा पुरावा द्यायचा. आता गंमत बघा. कुणबी गोव्यात २००३ पासून अनुसूचित जमातीत आहेत. कर्नाटकाच्या यादीत नाहीत. त्यासाठीची मागणी जुनी आहे.

वर्गात रोनाल्ड कोस शिकवतात तेव्हा धूर सोडणारा कारखाना आणि शेजारी असं उदाहरण येतं. १९६० च्या त्याच्या लेखाचा गाभा असा, की व्यवहार करायला खर्चच नसता, तर हक्क आधी कुणाला दिला याने साधनसंपत्तीचा वापर फारसा बदलला नसता. पण खर्च असतो. आमच्याकडे तो हक्क विकताना नाही, हक्क सिद्ध करतानाच येतो. समजा, एका दाव्यासाठी चार फेऱ्या झाल्या. दर फेरीला बसभाडं नि चहापाणी १५० रुपये, बुडालेली मजुरी ४०० रुपये. झाले २,२०० रुपये. यातले १,६०० रुपये कुठल्याच पावतीवर दिसत नाहीत. संधी-खर्चाची व्याख्या परीक्षेत सगळेच लिहितात, पण असा हिशेब मांडला की ती कळते.

आता तुलना. पहिल्यांदा गोवाच सुचतो. समाज तोच, सीमा मधे. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया अशी शेजारची राज्यं घेऊन किमान वेतनाचा अभ्यास १९९४ साली छापला, तसंच. पण त्यांच्याकडे कायदा बदलण्याआधीची आकडेवारी होती. आधीचा फरक वजा करून उरलेला फरक मोजता आला. वनहक्काच्या दाव्यांना 'आधी' नाहीच, कारण कायद्यापूर्वी दावेच नव्हते. शिवाय गोव्याचे रस्ते वेगळे, मजुरी वेगळी, कचेऱ्या वेगळ्या. फरक कशामुळे पडला ते सांगणार कसं?

त्यापेक्षा चांगली तुलना तालुक्यातच आहे. उत्तर कन्नडमधल्या सिद्दींनाही २००३ मध्येच अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. म्हणजे सिद्दी आणि कुणबी यांची कचेरी तीच, बस तीच, पुराव्याची अट तेवढी वेगळी. दोन्ही समाजांत इतर फरक आहेत, ते प्रश्नावलीत धरावे लागतील. तरी सीमा ओलांडण्यापेक्षा हे बरं. माझ्या मार्गदर्शक बाई म्हणतात, तुलना ठरली की निम्मा प्रबंध झाला. उरलेला निम्मा म्हणजे पायपीट, हे त्या सांगत नाहीत.

(सीमेवरून आठवलं. कर्नाटकाने २०२१-२२ मध्ये चार वर्षांचं ऑनर्स आणलं आणि सुखदेव थोरात आयोगाच्या अंतरिम अहवालानंतर २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांची पदवी केली. थोरात स्वतः अर्थशास्त्रज्ञ. म्हणजे गावाकडच्या माझ्या भावंडांना हे चौथं वर्ष नाही, मला आहे.)

कागदांसाठी मात्र मुंबई सोयीची. २००५ मधून ७५ वजा केले की १९३० येतं, आणि १८६२ पासून १९५६ पर्यंत तो जिल्हा मुंबई इलाख्यात होता. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात त्यासाठीच जायचं आहे. गॅझेटियर पुरावा म्हणून चालतं. कानडा जिल्ह्याचा खंड १८८३ चा. पण त्यात समाज सापडेल, आमच्या पणजोबांचं घर नाही सापडणार. दावेदार सोडून इतर वयस्कांचा लेखी जबाबही नियमांत बसतो. इथे एक गोष्ट लक्षात आली. १९३० साली दहा वर्षांचा असलेला माणूस, कायदा नुकताच लागू झाला त्या २००८ साली अठ्ठ्याऐंशीचा होता. तेव्हा तो डोळ्यांनी पाहिलेलं सांगू शकत होता. आज तो शंभरीच्या पुढे. म्हणजे पुराव्याचा खर्च दर वर्षी वाढतोय, आणि तो फक्त ७५ वर्षांच्या अटीवाल्यांसाठी.

म्हणून माझ्या प्रश्नावलीत पहिला प्रश्न जमीन किती हा नाही. दावा कोणत्या साली दाखल केला, आणि तेव्हा जबाब द्यायला घरात-शेजारात कोण हयात होतं, हा आहे.